'नकारात्मक प्रबलन' म्हणजे चापट नव्हे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावातील एका शाळेत पालक मेळावा झाला. पाहुणे म्हणून आलेले वक्ते बालसंगोपनावर व्याख्याने देत गावोगाव फिरतात आणि बोलतातही छान. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, की मुलांना प्रेम द्यावेच, पण अधूनमधून थोडे नकारात्मक प्रबलनही लागते. आणि हे म्हणताना त्यांनी उजवा हात हवेत असा फिरवला, की कोणत्या प्रबलनाविषयी ते बोलत आहेत याबद्दल कोणालाही शंका राहू नये. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात 28 वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे आणि बारावीच्या उत्तरपत्रिकांत 'ऋण (म्हणजेच नकारात्मक) प्रबलन म्हणजे शिक्षा' हे वाक्य दरवर्षी लाल शाईने खोडले आहे, त्यामुळे मला काही हसू आले नाही. ही चूक केवळ त्या वक्त्यांची असती तर मी पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडले नसते. परंतु वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, पालकत्वावरील सदरांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातसुद्धा हा शब्द सर्रास याच अर्थाने वापरला जातो, आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

एका पारिभाषिक शब्दासाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. चापटीला चापट म्हटले तर मारणाऱ्याला निदान थोडे ओशाळल्यासारखे होते. तिला शास्त्राचे नाव मिळाले, की ती उपचारासारखी वाटू लागते, आणि ज्या शास्त्राचे नाव घेतले जाते त्याने याच विषयात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय पाहिले ते मात्र कोणी सांगत नाही.

प्रबलन म्हणजे ज्याच्यामुळे एखादे वर्तन पुढे पुन्हा घडण्याची शक्यता वाढते ते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये मांजरांना खटक्याच्या पेट्यांत कोंडून, ती बाहेर पडायला कशी शिकतात हे पाहिले, आणि ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक ती कृती पक्की होते, असा नियम पुढे मांडला. बी. एफ. स्किनर यांनी त्याच धाग्यावरून साधक अभिसंधानाचा, म्हणजे कृतीच्या परिणामांवरून होणाऱ्या शिकण्याचा, मोठा पट विणला. त्यांच्या परिभाषेतील धन आणि ऋण हे शब्द चांगले आणि वाईट या अर्थाचे नाहीत; गणितातल्या अधिक-उणे चिन्हांप्रमाणे ते एवढेच सांगतात, की वर्तनानंतर काहीतरी मिळाले की काहीतरी दूर झाले. गाडीत बसून पट्टा लावला नाही तर टुंग-टुंग असा त्रासदायक आवाज होत राहतो, पट्टा लावला की तो थांबतो, आणि म्हणून पुढच्या वेळी आपण बसल्याबरोबर पट्टा ओढतो. हे ऋण प्रबलन. नको असलेली गोष्ट टळते म्हणून वर्तन वाढते. शिक्षेचे काम याच्या नेमके उलट असते, तिने वर्तन कमी व्हावे अशी अपेक्षा असते. ज्या वक्त्यांना चापट म्हणायचे होते त्यांनी ज्या क्रियेचे नाव घेतले ती वर्तन वाढवणारी आहे, हे सभागृहात कोणाच्याच लक्षात आले नाही.

ऋण प्रबलन पाहायचे असेल तर आमच्या आठवडी बाजारात यावे. तीन वर्षांचे मूल मोबाईलसाठी भोकाड पसरते. आजूबाजूचे लोक वळून पाहतात, भाजीवाली बाई 'द्या की हो त्याला' म्हणते, आणि आई शेवटी पिशवीतून मोबाईल काढून त्याच्या हातात देते. रडणे थांबते. मुलाच्या बाजूने पाहिले तर रडण्यानंतर मोबाईल मिळाला, म्हणजे धन प्रबलन झाले, आणि पुढच्या बाजारी ते अधिक लवकर रडेल. आईच्या बाजूने पाहिले तर मोबाईल दिल्याबरोबर जीव नकोसा करणारा आवाज थांबला. हे ऋण प्रबलन, आणि पुढच्या बाजारी तीही अधिक लवकर पिशवीत हात घालेल. दोघांनीही एकमेकांना शिकवले, आणि दोघांपैकी एकालाही आपण शिक्षक आहोत याची जाणीव नाही. अमेरिकेतील ओरेगॉन येथे जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन अशा देवाणघेवाणीच्या बारकाईने नोंदी केल्या. ज्या घरांतील मुले मारामारी आणि दांडगाई करण्याबद्दल उपचारासाठी आणली जात त्या घरांत त्यांना हाच फेरा दिसला: एकाचा त्रास दुसऱ्याच्या शरणागतीने थांबतो, आणि दोन्ही बाजूंना आपापला धडा मिळतो. कधी मूल ओरडून जिंकते, तर कधी आई-वडील त्याहून मोठ्याने ओरडून, नाहीतर मारून जिंकतात. चापट मारल्यावर मुलाचा आवाज बंद होतो, तेव्हा ऋण प्रबलन झालेले असते हे खरे, पण ते मारणाऱ्याचे! त्रास थांबला म्हणून मारण्याची सवय त्याला लागते. वक्त्यांचे वाक्य या एका अर्थाने मात्र बरोबर ठरते, जरी त्यांना तो अर्थ अभिप्रेत नसावा.

इथेच आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाते, कारण अनेक आया मला ती विचारतात. 'आम्ही मोबाईल देणे बंद केले तर रडणे उलट वाढले, मग उपयोग काय?' मिळणारे प्रबलन अचानक थांबले, की ते वर्तन आधी उसळी घेते आणि मग ओसरू लागते, हे प्रयोगशाळेतील उंदीर-कबुतरांपासून माणसाच्या मुलांपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिले गेले आहे. नेमक्या त्या उसळीच्या वेळी माघार घेतली, तर मूल एवढेच शिकते, की पूर्वी पाच मिनिटे रडून मिळत होते ते आता वीस मिनिटे रडून मिळते. कधी दिले, कधी नाही, असे धरसोडीचे प्रबलन तर सवय सर्वांत चिवट करते.

आता शिक्षेकडे वळते. स्किनर यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक प्रयोग असा आहे, की तो त्या मेळाव्यात सांगायला हवा होता. तरफ दाबली की अन्न मिळते हे शिकलेल्या उंदरांना अन्न मिळणे बंद झाले. त्यांतील काही उंदरांनी सुरुवातीच्या काळात तरफ दाबली, की ती तरफ उसळून त्यांच्या पंजावर फटका मारी. ही अक्षरशः चापटच होती. चापट खाणाऱ्या उंदरांनी तरफ दाबणे झपाट्याने कमी केले, आणि कोणीही पाहणारा म्हणाला असता की उपाय लागू पडला. परंतु चापटा थांबल्यानंतर ते उंदीर पुन्हा तरफेकडे वळले, आणि शेवटी त्यांनी एकूण जितक्या वेळा तरफ दाबली ती संख्या चापट न खाल्लेल्या उंदरांइतकीच भरली. शिकलेले पुसले गेले नव्हते, ते काही वेळ दबून राहिले होते. पुढे फार तीव्र शिक्षेने वर्तन दीर्घकाळ दबू शकते असेही प्रयोगांत दिसले आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण त्या तीव्रतेचे विजेचे झटके मुलांना द्यावेत असे छडीचा कैवार घेणारेसुद्धा म्हणणार नाहीत अशी आशा आहे.

उंदरांवरून मुलांकडे उडी मारू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून आल्बर्ट बंडुरा यांच्या प्रयोगाकडे येते. तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो, आणि बहुतेक वेळा अर्धाच शिकवला जातो. 1961 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतील 72 मुला-मुलींवर हा प्रयोग झाला. मुलांचे वय साधारण तीन ते पावणेसहा वर्षांच्या दरम्यान होते. एकेका मुलाला खोलीत आणून कोपऱ्यात चित्रे चिकटवायला बसवत. काही मुलांसमोर दुसऱ्या कोपऱ्यातील प्रौढ व्यक्ती हवा भरलेल्या, तळाशी वजन असलेल्या, पाडली तरी पुन्हा उभ्या राहणाऱ्या मोठ्या बाहुलीवर बसे, तिच्या नाकावर ठोसे मारी, लाकडी हातोडीने तिला बडवी आणि तोंडाने ठरावीक शब्द म्हणे. काही मुलांसमोरची व्यक्ती शांतपणे दुसऱ्या खेळण्यांशी खेळत राही, आणि काहींना अशी कोणी व्यक्ती दाखवलीच गेली नाही. नंतर प्रत्येक मुलाला सुंदर खेळणी दाखवून, दोनच मिनिटांनी 'ही दुसऱ्या मुलांसाठी आहेत' असे सांगून थोडे चिडवले जाई आणि मग तशीच पण लहान बाहुली असलेल्या खोलीत वीस मिनिटे मोकळे सोडले जाई. ज्यांनी मारझोड पाहिली होती त्यांनी ती हुबेहूब केली, शब्दांसकट. त्यांना कोणी बक्षीस दिले नव्हते, कोणी 'असे कर' म्हणाले नव्हते. केवळ पाहून मूल शिकते, ही गोष्ट आपल्याकडे कोणत्याही आजीला माहीत होती. पण प्रत्येक शिकण्यामागे बक्षीस किंवा शिक्षा असलीच पाहिजे असे मानणाऱ्या तेव्हाच्या शास्त्राला ती सिद्ध करून दाखवावी लागली.

इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. माझ्या मते खरी मोलाची गोष्ट 1965 च्या प्रयोगात आहे. त्यात मुलांना चित्रफीत दाखवली. बाहुलीला मारणाऱ्या माणसाला एका गटाच्या चित्रफितीत शेवटी शाबासकी, गोळ्या आणि पेय मिळाले. दुसऱ्या गटाच्या चित्रफितीत त्याला दटावून गुंडाळलेल्या मासिकाने फटके देण्यात आले. तिसऱ्या गटाच्या चित्रफितीत काहीच घडले नाही. पुढे मोकळे सोडल्यावर, फटके पाहिलेल्या मुलांनी ती मारझोड सर्वांत कमी केली. धाक बसला, असे आपण म्हणू. पण बंडुरा तिथे थांबले नाहीत. त्यांनी सर्वच मुलांना सांगितले, की त्या माणसाने जे जे केले ते करून दाखवले तर प्रत्येक कृतीसाठी सरबत आणि चित्रे मिळतील. तेव्हा तिन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. ज्यांनी शिक्षा पाहिली होती त्यांनाही ती मारझोड तितकीच येत होती. शिक्षेने त्यांचे करणे थांबवले होते, शिकणे नव्हे. अध्ययन वेगळे आणि आचरण वेगळे, हा भेद मी वर्गात दोन तासिका शिकवत असे, कारण मराठीत आपण 'त्याला चांगला धडा शिकवला' असे म्हणतो तेव्हा नेमका कोणता धडा शिकला गेला हे आपण तपासतच नाही.

वर्गासमोर एका मुलाला उभे करून छडी मारणारे शिक्षक म्हणतात, की बाकीच्यांनी त्यातून बोध घ्यावा. बाकीची एकोणपन्नास मुले बोध घेतातच. आपण अशा वेळी काय करू नये, हे त्यांना कळते, आणि त्याबरोबरच ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने ऐकत नसलेल्याचे काय करायचे असते हेही दिसते. पहिला बोध शिक्षक वर्गात असेपर्यंत टिकतो. दुसरा मैदानावर, घरी धाकट्या भावंडाशी आणि पुढे कधीतरी स्वतःच्या मुलांशी वागताना वर येतो. त्या पालक मेळाव्यात सतरंजीवर पुढे बसलेली काही लहान मुले वक्त्यांकडे पाहत होती. वक्त्यांनी हात हवेत फिरवला आणि क्षणार्धात त्यांतील दोघांनी तस्साच हात शेजारच्याच्या गालापर्यंत नेला. त्यांच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते.

बाहुलीच्या प्रयोगावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. ती बाहुली मुळात मारून पाडण्यासाठीच बनवलेली होती. मुले एका विद्यापीठाच्या शिशुशाळेतील होती. निरीक्षण काही मिनिटांचे होते. शिवाय आक्रमकता म्हणजे दुसऱ्या जीवाला इजा करण्याच्या हेतूने केलेले वर्तन अशी आपण व्याख्या करतो. बाहुलीला इजा होत नाही, मग हे आक्रमक वर्तन की नुसता दांडगा खेळ? मला हा शेवटचा प्रश्न फार आवडतो, कारण त्यामुळे व्याख्येतील 'हेतू' हा शब्द उजेडात येतो आणि आपण बालविकासाच्या दारात येऊन उभे राहतो.

हेतू मुलाला दिसतो का? जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधील मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाने जेवायला येताना दार ढकलले, दारामागे त्याच्या नकळत ठेवलेले पंधरा कप फुटले. दुसऱ्या मुलाने आई घरात नसताना फडताळातील मुरंबा चोरून घेण्याचा प्रयत्न केला आणि एक कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुले बहुधा पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत. वय वाढते तसे उत्तर बदलून मुरंबा चोरणाऱ्याकडे वळे. नंतरच्या संशोधकांनी गोष्ट सोपी करून आणि हेतू ठळक करून सांगितल्यावर तीन-चार वर्षांच्या मुलांनीही हेतूचा विचार केलेला आढळला, तेव्हा पियाजे यांनी आखलेल्या वयाच्या रेषा दगडावरच्या मानू नयेत. तरीही एवढे उरतेच, की लहान मुलाला परिणाम आधी आणि ठळक दिसतो, हेतू नंतर आणि पुसट. 'तुझ्या भल्यासाठीच मारतोय' हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला उद्देशून बोलले जाते तेव्हा त्यातील 'भल्यासाठी' हा भाग त्याच्यापर्यंत पोहोचणे सर्वांत अवघड असते. त्याच्यापर्यंत हात पोहोचतो.

आणि भीती पोहोचते. पॅव्हलॉव्ह यांच्या कुत्र्याची लाळ सर्वांना ठाऊक असते. अन्नाबरोबर वारंवार येणाऱ्या खुणेनेच पुढे लाळ सुटू लागते, तसे एका गोष्टीची प्रतिक्रिया दुसरीला चिकटणे म्हणजे अभिजात अभिसंधान. ते माणसाच्या भीतीलाही लागू पडते, हे जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी 1920 मध्ये एका अकरा महिन्यांच्या बाळावर केलेल्या प्रयोगात दाखवले. आजच्या नीतिनियमांनुसार तो प्रयोग कोणालाही करू दिला जाणार नाही, आणि ते योग्यच आहे. पांढऱ्या उंदराला न घाबरणाऱ्या त्या बाळाने उंदराला हात लावला, की त्याच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटला जाई. थोड्याच वेळा असे झाल्यावर ते बाळ उंदीर दिसताच रडू लागले, आणि पुढे सशापासून केसाळ कोटापर्यंत इतर गोष्टींनाही घाबरू लागले. गणिताच्या तासाला छडी खाणारे मूल गणिताच्या चुकीला घाबरावे अशी शिक्षकांची इच्छा असते. प्रत्यक्षात भीती कशाला चिकटेल हे शिक्षक ठरवू शकत नाहीत. ती गणिताला चिकटते, फळ्याला चिकटते, जिन्यातल्या पावलांच्या आवाजाला चिकटते, आणि पुष्कळदा शाळेलाच चिकटते. माझ्या वर्गातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मी या तासिकेनंतर 'तुम्हाला कशाची भीती कशामुळे बसली' हे लिहायला सांगत असे. ते कागद मी कोणाला दाखवले नाहीत आणि आता इथेही त्यातले काही सांगणार नाही.

आता तो नेहमीचा युक्तिवाद: 'आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?' आणि त्याच्या जोडीला, 'हे सगळे अमेरिकेतले, आपल्याकडे मार हा प्रेमाचाच भाग असतो.' 'छडी लागे छमछम' ही म्हण ज्या समाजाने तोंडपाठ केली त्याला हे म्हणण्याचा मोह होणारच. पहिल्या प्रश्नाला मी आदराने एवढेच म्हणते, की आपले काय झाले असते हे आपल्याला कळायला दुसरे बालपण मिळालेले नसते. दुसऱ्यासाठी मात्र पुरावा आहे. एलिझाबेथ गर्शॉफ यांनी 2002 मध्ये 88 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शारीरिक शिक्षेचा एकच अपेक्षित परिणाम दिसला, तो म्हणजे मूल त्या क्षणी ऐकते. बाकी आक्रमकता, पालकांशी नाते, मानसिक स्वास्थ्य यांच्याशी तिचा संबंध वाईट दिशेने होता. मूळचीच दांडगी मुले जास्त मार खातात, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा प्रश्न त्यावर घेतला गेला, आणि तो घेतलाच पाहिजे. पुढे 2005 मध्ये जेनिफर लान्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतील 336 माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. जिथे मार ही सर्वसाधारण गोष्ट मानली जाते तिथे माराचा आक्रमकतेशी आणि चिंतेशी असलेला संबंध सौम्य होता. म्हणजे 'आपल्याकडे वेगळे असते' या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण तो संबंध नाहीसा झाला नव्हता; मार नित्याचा मानणाऱ्या समाजांतही जास्त मार खाणारी मुले अधिक आक्रमक आणि अधिक चिंताग्रस्त आढळली. संस्कृतीने धार बोथट केली, पण सुरी सुरीच राहिली.

कोणी म्हणेल की मूल दुसऱ्याला मारते तेव्हा तरी त्याला आवरायचे कसे? दोन वर्षांच्या मुलाने पाळणाघरात कोणाला चावले, की त्याच्या आईला बोलावून 'घरी काय वळण लावता?' असे विचारले जाते. मॉन्ट्रियल येथील रिचर्ड ट्रम्बले यांनी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला तेव्हा दिसले, की मारणे, ढकलणे, चावणे हे साधारण वयाच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि पुढे बहुतेक मुलांत ते ओसरत जाते. म्हणजे मुलाला मारायला शिकवावे लागत नाही, न मारायला शिकावे लागते. त्याला ती शिकवण मिळते कोठून, हा प्रश्न आहे. वर बंडुरा यांच्याविषयी लिहिलेल्याशी हे विसंगत वाटेल, पण तसे नाही. हात उगारण्याची क्षमता मुलाजवळ असतेच. तो कोणावर, कधी, कशाने उगारायचा आणि उगारल्याने काय मिळते, हे ते आजूबाजूला पाहून शिकते. त्या वयातील बहुतेक मारामाऱ्यांत शत्रुत्व नसते, खेळणे हवे असते. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1931 मध्ये मातांनी ठेवलेल्या नोंदींवरून मुलांच्या रागाचा अभ्यास केला, तेव्हा रागाचे झटके दुसऱ्या वर्षात सर्वाधिक आणि भुकेच्या, थकव्याच्या वेळी जास्त आढळले. पाळणाघराने आईला बोलावण्याआधी घड्याळ पाहिले तरी पुष्कळ उलगडा होईल.

लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे एक निरीक्षण मी इथे सांगते, कारण ते कोणत्याही अंगणवाडीत पडताळून पाहता येते. तीन-चार वर्षांचे मूल काही अवघड करताना स्वतःशीच मोठ्याने बोलते. पियाजे यांना त्यात मुलाचे आत्मकेंद्री असणे दिसले. व्हिगॉट्स्की यांना त्यात स्वतःला आवरण्याचे साधन दिसले. मोठ्यांनी त्याच्याशी बोललेले शब्द ते आधी मोठ्याने, मग पुटपुटत आणि शेवटी मनातल्या मनात स्वतःला बजावते. आमच्या शेजारची एक चिमुरडी देवघरातल्या निरांजनाकडे हात नेताना 'नाही हं, हाय होतं' असे स्वतःलाच म्हणते आणि हात मागे घेते, कधीकधी घेत नाही. हे शब्द तिला कोणीतरी शांतपणे आणि अनेकदा दिलेले आहेत. ज्या मुलाला शब्दांऐवजी केवळ फटका मिळाला त्याच्याजवळ स्वतःला बजावायला काय असते? बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवरची मुले गोळा करून, प्रसंगी त्यांच्या अंगणात जाऊन बालवाड्या चालवल्या, त्या छडीच्या जोरावर नव्हे. महाराष्ट्राला याचा अनुभव नाही असे म्हणता येत नाही.

जाता जाता आणखी एका सल्ल्याविषयी, कारण तो आपल्या पुरवणीतही मी वाचला आहे: 'मुलाला राग आला तर त्याला उशीवर बुक्के मारू द्या, राग बाहेर पडून मन हलके होते.' यामागे विरेचनाची, म्हणजे आत साचलेले बाहेर काढले की बरे वाटते ही, जुनी कल्पना आहे. मन म्हणजे कोठा नव्हे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, त्यांच्या निबंधावर खरमरीत शेरे मारून आधी त्यांना चिडवण्यात आले. एका गटाने चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले, दुसऱ्याने व्यायामाचा विचार करत मारले, तिसरा गट नुसता दोन मिनिटे बसून राहिला. सर्वांत जास्त राग आणि आक्रमकता पहिल्या गटात आढळली, आणि आक्रमकता सर्वांत कमी होती ती नुसते बसलेल्यांत. राग आला की दहा अंक मोजायला सांगणाऱ्या आज्या याही बाबतीत पुढे होत्या.

माझी विनंती मोठी नाही. आपल्या दैनिकात मानसशास्त्रावरील लेखन छापताना ज्याला शिक्षा म्हणायचे आहे त्याला शिक्षाच म्हटले जावे, आणि 'ऋण' वा 'नकारात्मक' प्रबलन हा शब्द आला तर त्याने कोणते वर्तन वाढले हे लेखकाला विचारले जावे. उत्तर देता आले नाही तर तो शब्द काढून टाकावा. यापूर्वी छापून आलेल्या लेखांतील या चुकीबद्दल दोन ओळींची दुरुस्ती आली तर बारावीच्या विद्यार्थ्यांचे तरी गुण वाचतील. आणि पालक मेळावे घेणाऱ्या शाळांनी वक्त्यांना निमंत्रण देताना एवढे कळवावे, की 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्यातील कलम 17 नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. आमच्या गावातील त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी हे पत्राने कळवले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.

आपली,
मानसशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका